‘निरंक’ या उत्तराची परीक्षा : कोळसाखाणींच्या परवान्यातील भूमिविषयक परिभाषा आणि पुराणस्थळांचे संरक्षण

मोर्शी तालुक्यात कोळशाची खाण नाही. तथापि कोळशाच्या खाणींना मिळणाऱ्या परवान्यांचा विषय मोर्शीच्या अभ्यासकाने परका मानावा अशी स्थिती नाही. सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा धरणाने अडविलेली वर्धा नदी येथून कौंडण्यपुरावरून दक्षिणेस जाते आणि वणी, भद्रावती, घुग्गुस, बल्लारपूर या कोळशाच्या पट्ट्यातून पुढे वाहते. या धरणाचे पाणी नांदगावपेठ येथील १३५० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक विद्युत् केंद्रास पुरविले जाते. आमचे पाणी आणि कोळसा यांचा संबंध याप्रमाणे प्रत्यक्षच आहे. दुसरा संबंध वाङ्मयाचा. याच तालुक्यातील रिद्धपूर येथे महानुभाव वाङ्मयाचा पाया घातला गेला, आणि त्या वाङ्मयाने ‘स्थान’ या शब्दास जो काटेकोर अर्थ दिला तो प्रस्तुत विवेचनास पुढे उपयोगी पडणार आहे.

या लेखास निमित्त एका विद्यार्थ्याने दिले. भाषांतराच्या तासाला अभ्यासासाठी त्याने चंद्रपूर जिल्ह्यातील एका खाणप्रकल्पाच्या पर्यावरणविषयक अहवालाचा मराठी सारांश आणला होता. त्यात ‘पुरातत्त्वीय महत्त्वाची स्थळे’ या शीर्षकापुढे ‘निरंक’ हा एकच शब्द होता. भाषांतर म्हणून त्यात चूक काढावयास जागा नव्हती. परंतु तो विद्यार्थी म्हणाला, “सर, त्या शिवारात आमच्या आजोळची रिठी आहे. नांगर लागला की तिथे खापरं निघतात.” रिठी म्हणजे उठून गेलेल्या गावाची जागा. एका शिवाराविषयी एकाच वेळी ‘निरंक’ आणि ‘रिठी’ असे दोन मराठी शब्द वापरले जातात. पैकी पहिल्याच्या आधारे परवाना मिळतो आणि दुसरा शब्द त्या कागदावर कोठेच येत नाही. असे का व्हावे, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : पुराणस्थळांची हानी प्रथम परवान्याच्या परिभाषेत होते, जमिनीवर ती नंतर घडते, आणि ती परिभाषा सुधारण्याची सामग्री आमच्या महसुली मराठीतच आहे.

१. ‘निरंक’चे तीन अर्थ

‘निरंक’ हा शब्द कार्यालयीन मराठीत रुळलेला आहे. ज्या रकान्यात लिहिण्याजोगा अंक नाही तेथे तो लिहावयाचा. मूळ उपयोग हिशेबाचा असल्यामुळे त्यात एक गृहीत दडलेले आहे : मोजणी झाली आणि बाकी शून्य निघाली. रोकडवहीत हे गृहीत खरे असते. पुराणस्थळांच्या रकान्यात तो शब्द आला म्हणजे मात्र त्याखाली तीन भिन्न विधाने एकत्र येतात.

(अ) या क्षेत्रात शासनाने अधिसूचित केलेले संरक्षित स्मारक नाही.
(आ) या क्षेत्राची पाहणी केली असता प्राचीन अवशेष आढळले नाहीत.
(इ) या क्षेत्रात प्राचीन अवशेष नाहीत.

पहिले विधान यादीविषयी, दुसरे पाहणीविषयी आणि तिसरे भूमीविषयी आहे. अर्जदारास सामान्यतः पहिले विधान करण्याचाच अधिकार असतो, कारण यादी त्याच्यासमोर असते. दुसऱ्या विधानासाठी जाणकार माणसाने शिवार पायाखाली घालावयास हवे. तिसरे विधान उत्खननानंतरही जपूनच करावयाचे असते. परंतु ‘निरंक’ हा शब्द लिहिणाऱ्याच्या मनात (अ) असला तरी वाचणाऱ्याच्या मनात तो (इ) होतो, आणि निर्णय घेणारा अधिकारी वाचणाऱ्यांपैकीच एक असतो.

आपल्या शास्त्रपरंपरेने हा भेद फार पूर्वी नीट ओळखला होता. पाणिनीच्या व्याकरणात लोप म्हणजे अदर्शन. जेथे काही अपेक्षित आहे परंतु दिसत नाही तेथे लोप मानला जातो, आणि न दिसणाऱ्या प्रत्ययाचे कार्य पुढेही चालू राहते. न दिसणे आणि नसणे यांची सरमिसळ वैयाकरणांनी केली नाही. नैयायिक व मीमांसक यांनी तर अभावाचे ज्ञान कोणत्या अटीवर प्रमाण मानावे, याचीच चर्चा केली आणि ‘योग्यानुपलब्धि’ ही कसोटी सांगितली. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असताना ती दिसली नाही, तरच तिचा अभाव सिद्ध होतो. उजेड असलेल्या खोलीत घट दिसला नाही तर घट नाही असे म्हणता येते. अंधाऱ्या खोलीत तसे म्हणता येत नाही. अहवालातील ‘निरंक’ला हीच कसोटी लावली पाहिजे. ज्या क्षेत्रात पृष्ठसर्वेक्षण झालेले नाही ते क्षेत्र पुरातत्त्वाच्या दृष्टीने अंधारी खोली आहे.

२. अर्जाचा प्रश्न आणि अधिनियमाची व्याख्या

ही सरमिसळ केवळ लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणाने होते असे नाही. प्रश्नाच्या शब्दयोजनेतच तिचे मूळ आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेबरोबर जो अर्जाचा नमुना देण्यात आला, त्याच्या पर्यावरणीय संवेदनशीलतेच्या भागात प्रकल्पाच्या सीमेपासून पंधरा किलोमीटरांच्या आतील विशिष्ट क्षेत्रांची नावे आणि हवाई अंतरे विचारलेली होती. त्यांतील पहिल्याच बाबीत सांस्कृतिक मूल्याचा उल्लेख येतो. परंतु तो येतो तो आंतरराष्ट्रीय करार, राष्ट्रीय किंवा स्थानिक कायदे यांनी ‘संरक्षित’ केलेल्या क्षेत्रांचे विशेषण म्हणून. म्हणजे मूल्य असणे पुरेसे नाही; ते मूल्य आधी कोणीतरी अधिसूचित केलेले असले पाहिजे. पुढे अर्ज भरण्याची पद्धत संगणकीय झाली आणि तपशील बदलत गेले. तरी यादीत नाव आहे की नाही, एवढ्यावर थांबण्याची जी सवय या प्रश्नाने लावली ती टिकून राहिली.

याच्या शेजारी १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम ठेवून पाहावा. त्यातील पुरातत्त्वीय स्थळाची व्याख्या आश्चर्य वाटावे इतकी उदार आहे. निदान शंभर वर्षे अस्तित्वात असलेले, ऐतिहासिक वा पुरातत्त्वीय महत्त्वाचे अवशेष ज्या क्षेत्रात आहेत, किंवा असावेत असे सकारण मानले जाते, ते क्षेत्र पुरातत्त्वीय स्थळ होय. ‘सकारण मानले जाते’ ही पदरचना येथे महत्त्वाची आहे. कायद्याने केवळ प्रत्यक्षास नव्हे, तर अनुमानासही स्थान दिले आहे. नांगराच्या फाळाला खापरे लागतात, माती राखेरी आहे, गावकरी त्या जागेस रिठी म्हणतात. सकारण अनुमानाला याहून अधिक सामग्री ती कोणती हवी?

परंतु अधिनियमाची व्याख्या उदार असली तरी संरक्षण तसे नाही. शासनाने दोन महिन्यांची सूचना देऊन, हरकती ऐकून, विशिष्ट स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित केल्यावरच बंधने लागू होतात. तेव्हाच संरक्षित क्षेत्रात खाणकाम, दगड काढणे, सुरुंग लावणे यांना मनाई होते, आणि २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित सीमेपासून शंभर मीटर प्रतिषिद्ध व त्यापुढील दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र ठरते. महाराष्ट्राचा १९६० चा अधिनियमही घोषणेच्याच मार्गाने जातो. व्याख्या आणि घोषणा यांच्यामधील या अंतरातच वऱ्हाड-विदर्भातील बहुसंख्य पुराणस्थळे पडलेली आहेत.

यादीवर किती भिस्त ठेवावी याचाही विचार केला पाहिजे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१३ मध्ये सादर केलेल्या अहवालात, प्रत्यक्ष तपासलेल्या १६५५ केंद्रीय संरक्षित स्मारकांपैकी ९२ स्मारके जागेवर सापडली नाहीत, असे नमूद केले होते. पुढे त्यांतील काहींचा पत्ता लागला. २०२४ मध्ये अठरा स्मारके यादीतून वगळण्यात आली. यादीत आहे ते भूमीवर असतेच असे नाही. मग यादीत नाही ते भूमीवरही नाही, हे कोणत्या न्यायाने म्हणावे?

कोळशाच्या बाबतीत आणखी एक कायदा लक्षात घ्यावयाचा आहे. सरकारी कोळसा कंपन्यांसाठी भूमी बहुधा १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्रे (संपादन व विकास) अधिनियमाखाली संपादित होते. संपादनाचा इरादा जाहीर झाल्यावर तीस दिवसांत हरकत घेता येते. परंतु हरकत घेणारा ‘हितसंबंधी व्यक्ती’ असावा लागतो, आणि नुकसानभरपाईवर हक्क सांगू शकेल तोच हितसंबंधी. रिठीचे रहिवासी शतकांपूर्वी उठून गेले. जमीन सरकारी पडीक असेल तर भरपाई मागणारा कोणी नाही, आणि म्हणून हरकत घेणाराही कोणी नाही. उरते ती जनसुनावणी. तिच्यासाठी सारांश राज्याच्या भाषेत दिलाच पाहिजे आणि सुनावणीचे इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून व समजावून दाखविले पाहिजे, असे २००६ च्या अधिसूचनेने सांगितले आहे. या ठिकाणी मराठी सारांश हे कायदेशीर प्रक्रियेचे एक अंग होते. त्यातील एका शब्दाची किंमत मोठी आहे ती यामुळे.

३. भूमिवापराच्या तक्त्यात न मावणारी भूमी

परवान्याच्या कागदपत्रांत भूमीचे वर्णन एका तक्त्याने होते. शेतजमीन, वनजमीन, पडीक जमीन, चराई, पृष्ठजल, वस्ती आणि शेवटी ‘इतर’ असे त्याचे रकाने असतात. खाणपट्ट्याच्या आतील व बाहेरील हेक्टर त्यांत भरावयाचे. तक्ता भूमीच्या सध्याच्या उपयोगाविषयी आहे. तिच्या पूर्वीच्या उपयोगाविषयी त्यात जागा नाही. परिणामी पुराणस्थळ ज्या रकान्यात जाऊन पडते तो रकानाच त्याचे अवमूल्यन करतो.

विदर्भातील महापाषाणीय शिलावर्तुळांचे उदाहरण घ्यावे. नागपूरजवळ जुनापाणी येथील वर्तुळांची माहिती रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. १९६१-६२ मध्ये बा. कृ. थापर यांनी तेथे उत्खनन केले. पुढे शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड येथे कामे झाली. माहूरझरीत घोड्यांची दफने व त्यांचे ताम्र-अलंकार मिळाले. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ही वर्तुळे बहुधा मुरमाड, उंचवट्याच्या, नांगरास निरुपयोगी अशा जागी आहेत. त्यामुळेच ती टिकली, आणि त्यामुळेच महसुली दप्तरात त्या जागा पडीक, गायरान किंवा झुडपी जंगल म्हणून लागल्या. पडीक जमीन घेतली म्हणजे कोणाचे नुकसान झाले नाही, असे प्रकल्पाच्या बाजूने सहज म्हटले जाते. वस्तुतः ‘पडीक’ हा शेतीच्या दृष्टीने केलेला निवाडा आहे; इतिहासाच्या दृष्टीने तीच जमीन तालुक्यात सर्वांत भरीव असू शकते.

महसुली शब्द निव्वळ वर्णनापुरता राहत नाही, हे ‘झुडपी जंगल’ या पदावरून दिसते. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतील खुरट्या झुडपांची जमीन दाखविणारी ही जुनी नोंद. ती वनजमीन की नव्हे, यावर दशकानुदशके वाद चालला, आणि २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच मानावी असा निर्णय दिला. पटवाऱ्याच्या दप्तरातील दोन मराठी शब्दांनी सुमारे ८६ हजार हेक्टरांचे भवितव्य ठरविले. एखाद्या नोंदीस अर्थ आहे असे मानले तर ती काय करू शकते, याचे हे उदाहरण आहे.

तक्त्याइतकीच एक दुसरी अट विचारात घेण्यासारखी आहे. खुल्या खाणीत प्रथम वरची माती खरवडली जाते, मग खालचा खडक, ज्यास खाणीवर ओव्हरबर्डन म्हणतात, तो काढून ढीग घातले जातात, नंतर कोळसा. वरची सुपीक माती वेगळी साठवून ठेवावी आणि पुढे वृक्षारोपणासाठी वापरावी, अशी अट परवान्यात सर्रास असते. पर्यावरणाच्या दृष्टीने ती योग्यच आहे. परंतु वस्तीचे थर नेमके याच मातीत असतात. माती राखली जाते आणि तिचा क्रम मोडतो. एखाद्या पोथीतील सर्व अक्षरे एका पोत्यात भरून जपून ठेवावी, तसे ते होते. पुरातत्त्वाला खापरापेक्षा खापराची जागा अधिक मोलाची, कारण कोणते वर व कोणते खाली यावरूनच काळ ठरतो. धरणाखाली बुडालेल्या गावठाणाचे थर निदान आपल्या जागी राहण्याचा संभव असतो. खुल्या खाणीत तोही उरत नाही.

४. काळी, पांढरी आणि रिठी

आता आमच्या भाषेकडे वळू. मराठी गावाची परंपरागत विभागणी काळी आणि पांढरी अशी आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. हा भेद मातीच्या रंगावरून आलेला आहे आणि तो शास्त्रीय आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राख, शेण, चुना आणि कोसळलेल्या मातीच्या भिंती मिसळून जमीन राखेरी होते. महाराष्ट्रातील पुरातत्त्वज्ञ वस्तीचे टेकाड शोधताना हाच रंग पाहतो आणि तिला ‘पांढरी’ हाच शब्द लावतो. कौंडण्यपूरचे टेकाड, जेथे मो. गं. दीक्षित यांनी १९६०च्या दशकात उत्खनन केले, ते याच जातीचे.

पांढरीवरची वस्ती उठली की तिला पूर्व विदर्भाच्या भाषेत रीठ किंवा रिठी म्हणतात. महसुली गावांच्या याद्यांत नावापुढे ‘रिठी’ असे जोडलेले आढळते. गाव ओसाड, परंतु मौजा कायम. गढी हा शब्द पाटील-देशमुखांच्या मातीच्या कोटाचा. त्याच्या पोटात बहुधा त्याहून जुनी पांढरी असते. टेकाड, ओटा, गवळ्याचे किंवा गवळीराजाचे म्हणून सांगितले जाणारे दगड, ही सर्व शिवारनामे त्याच वर्गातील. याखेरीज निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही मध्यप्रांताच्या परंपरेतून आलेली दप्तरे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही स्थान मिळवून आहेत; गावाच्या सामाईक जमिनी आणि वहिवाटी त्यांत नोंदलेल्या असतात.

यावरून कोणी असे समजू नये की प्रत्येक रिठी सातवाहनकालीन आहे. कित्येक गावे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या दुष्काळांत आणि साथींत उठली. काही पुरामुळे सरकली. शिवारनामे फसवीही असतात. लोकव्युत्पत्ती त्यांवर वाटेल ते चढविते. भाषाशास्त्राने सिद्ध होते ते इतकेच, की त्या जागी वस्ती होती असे मानणारी परंपरा आहे. परंतु अधिनियमाने मागितले आहे तेही इतकेच : सकारण समज. स्थलनाम हा पुरावा नव्हे. तो पाहणी कोठे करावी हे सांगणारा निर्देश होय, आणि तो तलाठी कार्यालयातून विनामूल्य मिळतो.

स्थळाची नोंद कशी करावी याचाही आदर्श आमच्याकडे आहे. रिद्धपुरात म्हाइंभटांनी लीळा जुळविल्या तेव्हा प्रत्येक लीळेबरोबर ती घडल्याचे ठिकाण आले. पुढे ‘स्थानपोथी’ने या ठिकाणांचेच वर्णन केले. वि. भि. कोलते यांनी संपादिलेला हा ग्रंथ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की त्यात गावाच्या कोणत्या दिशेस कोणते देवालय, त्याचे दार कोणीकडे, त्याच्या कोणत्या अंगास स्थान, हे किती बारकाईने सांगितलेले असते. तेथील देवालय भव्य की सामान्य, हा प्रश्न लेखकाच्या दृष्टीने गौण आहे. पुष्कळ ठिकाणी आज केवळ एक ओटा उरला आहे, आणि तो कोणत्याही अधिसूचित यादीत बसणार नाही. परंतु स्थान म्हणजे इमारत नव्हे, हे मराठी गद्याने आपल्या पहिल्या शतकांतच जाणले होते. आजच्या अर्जातील ‘स्मारक’ या शब्दाने आपणास त्यापूर्वीच्या अवस्थेत नेले आहे.

५. काही प्रकरणांची साक्ष

भांदक ऊर्फ भद्रावती हे या चर्चेचे विदर्भातील प्रमुख उदाहरण होय. विजासनची लेणी, राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाचा शके ६९४ (इ. स. ७७२) चा ताम्रपट, कनिंगहॅम यांनी केलेली पाहणी, तळी, देवालये आणि शिवारांत विखुरलेले कोरीव दगड यांमुळे हा सर्व परिसर एक विस्तीर्ण प्राचीन नगरक्षेत्र असावा असे मानण्यास आधार आहे. याच तालुक्यात माजरी आणि बरांज येथे कोळशाच्या खाणी आहेत. लेणी डोंगरात आहेत, म्हणून त्यांभोवती वर्तुळ काढता येते. नगर शेतांत आहे, म्हणून त्याभोवती वर्तुळ निघत नाही. तीनशे मीटरांचे संरक्षण लेण्याला पुरेल. नगराला ते लागूच होत नाही. बल्लारपुरास वर्धेच्या काठी गोंडराजांचा किल्ला आणि त्याच गावात कोळशाची जुनी खाण, असे सान्निध्य आहे. किल्ला दिसतो म्हणून त्याची चर्चा तरी होते.

राज्याबाहेर पाहिल्यास झारखंडच्या हजारीबाग जिल्ह्यातील पंकरी बरवाडीह आठवते. तेथील महापाषाणांतून समदिनाचा सूर्योदय पाहावयास लोक जमतात. आणि त्याच नावाची मोठी खुली कोळसा खाण त्या परिसरात आहे. छत्तीसगडमध्ये सरगुजा जिल्ह्यातील रामगड टेकडीवर सीताबेंगा आणि जोगीमारा या गुहा आहेत. जोगीमाऱ्याचा छोटासा ब्राह्मी लेख हा मागधी प्राकृताच्या अभ्यासकाचा मोलाचा ठेवा आहे, कारण त्या बोलीचे इतके निर्भेळ नमुने थोडे. (कालिदासाचा रामगिरी म्हणजे हाच रामगड, असा एक पक्ष आहे, वा. वि. मिराशी यांनी रामटेकचा पक्ष समर्थपणे मांडला, हे आपणांस परिचित आहेच.) २०२५ मध्ये हसदेव क्षेत्रातील एका खाणीच्या विस्ताराच्या निमित्ताने या टेकडीचे खाणीपासूनचे अंतर किती, हा सार्वजनिक वादाचा विषय झाला. वाद किलोमीटरांचा झाला. टेकडीच्या परिसरातील अद्याप न पाहिलेल्या भूमीचा झाला नाही. यादीतील बिंदूपासून अंतर मोजणे एवढाच प्रश्न प्रक्रियेला विचारता येत असेल, तर विरोधकालाही त्याच भाषेत बोलावे लागते.

परवाना आधी आणि ज्ञान मागून, असा क्रम असला म्हणजे काय होते, हे पश्चिम ऑस्ट्रेलियातील जूकान घळीने दाखविले. तेथे लोहखनिजासाठी कंपनीला २०१३ मध्ये कायदेशीर संमती मिळाली. २०१४ च्या उत्खननात त्या गुहेतील मानवी वावर सुमारे ४६,००० वर्षे मागे जातो असे दिसून आले. परंतु दिलेली संमती नव्या माहितीच्या प्रकाशात फेरतपासण्याची सोय त्या कायद्यात नव्हती, आणि मे २०२० मध्ये सुरुंगाने ती गुहा नष्ट झाली. कायदा मोडला गेला नव्हता. याउलट जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या लिग्नाइट क्षेत्रात खाणीच्या पुढे पुरातत्त्वज्ञ काम करतात, आणि त्या कामाच्या साहाय्यासाठी १९९० मध्ये स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले. तेथेही सर्व वाचते असे नाही. गावे उठतात, स्थळे जातात. परंतु काय गेले याची नोंद राहते.

६. दोन आक्षेप

येथे दोन आक्षेप येणे स्वाभाविक आहे. पहिला असा, की चंद्रपूरचे एकटे औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचे आहे. त्याला कोळसा लागतो. प्रत्येक खापरासाठी खाण थांबविली तर वीज कोठून येणार? आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. प्रत्येक रिठी राखावी, असे आमचे म्हणणे नाही. एखादे स्थळ पूर्ण नोंद करून सोडून द्यावे लागेल. एखाद्यासाठी मातीच्या ढिगाची जागा चारशे मीटर सरकवावी लागेल. क्वचित एखाद्यासाठी पट्ट्याची सीमा बदलावी लागेल. परंतु हे तिन्ही निर्णय स्थळ कागदावर आल्यानंतरच शक्य आहेत. ‘निरंक’ने निर्णय प्रतिकूल होतो असे नव्हे, निर्णय घेण्याचा प्रसंगच येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की खाणकामात काही सापडलेच तर ते कळविण्याची तरतूद आहे. १८७८ चा निखात निधी अधिनियम दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ऐवज कळवावयास सांगतो. परंतु खापराची किंमत किती? आणि प्रचंड फावड्याने माती उचलणाऱ्या चालकास, रात्रपाळीत, दोन हातभर जाडीच्या राखेरी थरातून ते ओळखता कसे यावे? ज्याला पाहणीच्या वेळी कोणी पाहिले नाही ते उपसण्याच्या वेळी कोणी पाहील, ही आशा पुन्हा अंधाऱ्या खोलीतील घटाचीच आहे.

७. उपसंहार

वरील विवेचनातून तीन सूचना निघतात. पहिली : सारांशातील एकाच रकान्याऐवजी दोन स्वतंत्र विधाने असावीत. एक अधिसूचित स्मारकांविषयी. दुसरे पृष्ठसर्वेक्षणाविषयी, आणि त्यात पाहणी कोणी, केव्हा, किती क्षेत्राची केली हे नमूद असावे. पाहणी झाली नसेल तर ‘निरंक’ न लिहिता ‘पाहणी केलेली नाही’ असे लिहावे. हे वाक्य लांब आहे, परंतु खरे आहे. दुसरी : मूल्यांकनाच्या प्रारंभीच खाणपट्ट्यातील व ढिगांसाठी घ्यावयाच्या जमिनीतील रिठी, पांढरी, गढी अशा नोंदींची गाववार यादी महसूल दप्तरातून काढून राज्य पुरातत्त्व विभागाकडे पाठवावी. तिसरी : वरची माती काढण्यापूर्वी, तिच्या साठवणीच्या अटीबरोबरच, तिच्या थरांच्या तपासणीची अट असावी.

चौथी गोष्ट सूचना नव्हे; ते आपले काम आहे. वर्धेच्या कोळसापट्ट्यातील गावांची शिवारनामे अद्याप पद्धतशीर गोळा झालेली नाहीत. सांगणारी माणसे वृद्ध आहेत, आणि पुनर्वसित गावात शिवारच उरत नसल्यामुळे ती नावे पुढील पिढीस देण्याचे कारणही उरत नाही. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने एका मौजाची नावे, त्यांचे उच्चार, जागा आणि सांगितलेली कथा टिपून नकाशावर मांडली, तर तो लघुप्रबंध होईल आणि जनसुनावणीत ठेवता येईल असा कागदही होईल. ज्या विद्यार्थ्यामुळे हा लेख लिहिला गेला त्याने अशी नोंद सुरू केली आहे. भूमिवापराच्या तक्त्यात ‘इतर’ म्हणून शेवटचा रकाना असतो आणि त्यापुढे तपशील देण्यास सांगितलेले असते. तेथे ‘रिठी’ हा शब्द लिहावयास कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही.